विश्लेषण : सुया टोचून जुनं दुखणं खरंच कमी होतं का? ॲक्युपंक्चर आणि चिनी औषधांबाबत चाचण्या काय सांगतात?

एक्स-रे झाला, एमआरआय झाला, हाडांचे डॉक्टर झाले, फिजिओथेरपीची दहा सेशन झाली. तरीही कंबर दुखतेच आहे. अशा वेळी सोसायटीतलं कुणीतरी हमखास सांगतं, 'एकदा ॲक्युपंक्चर करून बघा, आमच्या वहिनींना खूप फरक पडला.' वहिनींना फरक पडला, हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण तो सुयांमुळे पडला, की सुया टोचणाऱ्याने दिलेल्या अर्ध्या तासामुळे, की दुखणं तसंही ओसरणारच होतं म्हणून, हे वहिनींनाही ठाऊक नसतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या त्या याच प्रश्नासाठी. त्यांतून निघालेलं उत्तर समर्थकांना आवडणारं नाही आणि 'हे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांनाही नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढायला हवी. 'चिनी उपचार' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात : सुया आणि औषधी वनस्पतींच्या पुड्या-गोळ्या. दोन्हींचे पुरावे वेगळे आणि धोकेही वेगळे. क्लिनिकमध्ये मात्र त्या अनेकदा एकाच पॅकेजमध्ये मिळतात. गोंधळ तिथेच सुरू होतो.

जुनं दुखणं वेगळं का असतं?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र 'क्रॉनिक पेन' म्हणतं. बोट कापलं की होणारी वेदना हा अलार्म असतो. जखम भरली की तो थांबतो. जुन्या दुखण्यात जखम भरून जाते किंवा सापडतच नाही, अलार्म मात्र वाजत राहतो. मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते. म्हणून एमआरआय 'नॉर्मल' येतो आणि माणसाला मात्र खुर्चीवरून उठवत नाही. घरच्यांना वाटतं, नाटक चाललंय.

यावर हमखास उतारा असलेलं औषध आधुनिक वैद्यकाकडेही नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. ओपिऑइड गटातल्या औषधांनी अमेरिकेत व्यसनाचं आणि मृत्यूंचं केवढं संकट उभं केलं, हे जगाने पाहिलं आहे. त्यामुळे माणूस सुयांकडे वळतो यात भोळेपणा नाही. त्याचे बाकीचे पर्याय संपत आलेले असतात.

जुन्या दुखण्याचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ते वर-खाली होत राहतं. नवा उपचार शोधायला माणूस बाहेर पडतो तो दुखणं टोकाला गेल्यावर. टोकानंतर ते बहुतेकदा आपोआपच थोडं उतरतं. त्या आठवड्यात जे काही केलेलं असेल, सुया, तेल, पट्टा किंवा नवस, श्रेय त्याला मिळतं. म्हणूनच 'मला फरक पडला' या वाक्यावर उपचाराची परीक्षा होत नाही. तुलनेला दुसरा गट लागतो.

सुया नेमक्या कुठे आणि का टोचतात?

पारंपरिक चिनी वैद्यकाची मांडणी अशी : शरीरात 'ची' नावाची ऊर्जा ठरावीक मार्गांनी वाहते. या मार्गांना मेरिडियन म्हणतात. प्रवाह अडला की दुखणं येतं आणि मार्गावरच्या बिंदूंवर सुई टोचून तो मोकळा करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू आहेत. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली मेरिडियन नावाची कुठलीही नलिका सापडलेली नाही. ती त्या काळातल्या वैद्यांनी निरीक्षणं मांडण्यासाठी वापरलेली भाषा आहे, असंच समजणं योग्य.

'हजारो वर्षांची अखंड परंपरा' या जाहिरातीतल्या वाक्यालाही इतिहास फारसा दुजोरा देत नाही. १८२२ मध्ये चीनच्या दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यक संस्थेतून सुईचा उपचार बंद करवला. १९२९ मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढे पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला होता. वैद्यांनी जोरदार विरोध केल्यावर तो बारगळला. १९३०च्या दशकात चंग दान-आन या वैद्याने बिंदूंच्या जागा नव्या शरीरशास्त्राशी जुळवून घेतल्या आणि जाड सुयांऐवजी बारीक सुयांचा आग्रह धरला. पुढे १९५०च्या दशकात माओच्या राजवटीने या वैद्यकाला सरकारी पाठबळ दिलं. प्रचंड लोकसंख्या आणि मोजके डॉक्टर, अशी तेव्हा अवस्था होती. खुद्द माओ स्वतःसाठी चिनी औषधं घेत नसे, असं त्याच्या खासगी डॉक्टरने आठवणींत लिहून ठेवलं आहे.

पाश्चात्त्य जगात सुयांची लाट आली ती एका अपेंडिक्समुळे. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा तिथल्या वैद्याने कोपर आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. आराम पडल्याचं रेस्टन यांनी २६ जुलैच्या अंकात लिहिलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि कुतूहल आणखी वाढलं. रेस्टन यांचं ऑपरेशनच सुया टोचून, भूल न देता झालं, ही दंतकथा आजही फॉरवर्ड होत असते. प्रत्यक्षात भूल नेहमीच्या इंजेक्शननेच दिली होती. तसं त्यांनीच लिहिलं आहे.

याचा सोलापूरशी काय संबंध?

संबंध आहे, पण सांगतात तसा सरळ नाही. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांतलेच. नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बिजॉयकुमार बसू हेही पथकात होते. कोटणीस चीनमध्येच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे त्यांची गोष्ट घराघरात पोहोचली. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया हे त्यांचं काम होतं. भारतात ॲक्युपंक्चर आणण्याचं श्रेय त्यांचे सहकारी डॉ. बसू यांचं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, हे तंत्र शिकले आणि कोलकात्यात उपचार सुरू केले. कोटणीसांचं नाव मात्र या पद्धतीला कायमचं चिकटलं. लुधियानात त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालयही आहे.

चाचण्यांमध्ये काय आढळलं?

सुयांची चाचणी घेणं अवघड काम आहे. गोळीच्या चाचणीत एका गटाला खरी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. सुईचं तसं काय करणार? संशोधकांनी 'खोट्या' सुया तयार केल्या. काही चाचण्यांत भलत्याच जागी अगदी वरवर टोचलं जातं. काहींत नाटकातल्या खंजिरासारखी सुई वापरतात : टोक त्वचेला लागतं आणि सुई दांड्यात मागे सरकते. रुग्णाला वाटतं, टोचली.

जर्मनीतली एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण, तीन गट, सहा महिने निरीक्षण. खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना. औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना.

हे तीन आकडे पुन्हा वाचण्यासारखे आहेत. सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा कितीतरी सरस ठरल्या. पण कुठे टोचलं याने जवळपास काहीच फरक पडला नाही. म्हणजे मेरिडियनचा नकाशा चुकवला तरी चालतं, नकाशाच काढून टाकला तरीही चालतं! या निष्कर्षांचा दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ लावला. जर्मनीतल्या सार्वजनिक आरोग्य विम्याने मात्र जुन्या कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली.

अमेरिकेत २००९ मध्ये ६३८ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. तिथे एका गटाला सुईऐवजी दात कोरायची काडी टोचल्यासारखी फक्त टेकवली होती. आठ आठवड्यांनी सुया किंवा काड्या मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या हालचालींत ठळक सुधारणा दिसली. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं.

एकेका चाचणीवर विसंबायचं नसेल तर २०१२ चं एकत्रित विश्लेषण पाहावं. २९ चाचण्यांतल्या १७,९२२ रुग्णांची मूळ माहिती त्यात एकत्र तपासली गेली. कंबर-मान, खांदा, गुडघ्याची झीज आणि जुनी डोकेदुखी हे आजार होते. त्याचा सारांश असा सांगता येतो : १०० पैकी ६० इतकी वेदना असलेला रुग्ण धरा. सुया न टोचता ती सरासरी ४३ पर्यंत उतरते. खोट्या सुयांनी ३५ पर्यंत. खऱ्या सुयांनी ३० पर्यंत. म्हणजे ६० वरून ३० वर आलेल्या माणसाला वाटतं, सुयांनी दुखणं निम्मं केलं. त्या ३० गुणांपैकी १७ काळाच्या आणि नेहमीच्या उपचारांच्या खात्यात जातात, ८ उपचाराच्या वातावरणाच्या आणि ५ गुण निव्वळ योग्य जागी टोचलेल्या सुईच्या. पाच म्हणजे शून्य नव्हे. पण एवढ्यावर दवाखान्याची पाटी रंगवता येत नाही.

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात कंबरदुखीच्या ३३ चाचण्या होत्या. काहीच न करण्यापेक्षा सुया बऱ्या. पण खोट्या सुयांच्या तुलनेत रुग्णाला जाणवेल असा फरक बहुधा नाही, हा त्याचा सूर.

मग खोटी सुईही का चालते?

इथे 'प्लासिबो आहे, सोडून द्या' असं म्हणून विषय संपवण्याची घाई होते. ते चुकीचं आहे. वेदना ही मेंदूत तयार होणारी जाणीव आहे. मेंदूला सुरक्षित वाटलं, अपेक्षा निर्माण झाली, तर शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं. ती 'मनाची समजूत' नसते, रक्तामांसाची प्रक्रिया असते. सुई टोचल्यावर शरीरात काहीच घडत नाही असंही नाही. १९७०च्या दशकात टोरंटोच्या ब्रूस पोमेरान्झ यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की सुईचा वेदनाशामक परिणामही जातो. २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदराच्या गुडघ्याजवळ सुई फिरवल्यावर तिथे ॲडेनोसिन हे वेदना शमवणारं रसायन वाढल्याचं नोंदवलं. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे आलंच.

खरा विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. चाचण्यांमध्ये सुयांच्या दोन्ही गटांना काय मिळालं? आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, एका माणसाचं पूर्ण लक्ष. कुठे दुखतं, कधीपासून, झोप कशी आहे, याची चौकशी. स्पर्श. शांत पडून राहण्याची मुभा, जी घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला एरवी दिवसभरात मिळत नाही. आता सरकारी रुग्णालयाची ओपीडी आठवा. केसपेपरसाठी रांग, डॉक्टरांसाठी रांग, आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत गोळ्या लिहून 'पुढचा!' दोष डॉक्टरांचा नाही, बाहेर शंभर माणसं उभी असतात. पण जुन्या दुखण्यावर हा दोन मिनिटांचा उपचार अपुरा पडतो. ४७ विरुद्ध २७ हा फरक सुयांच्या बाजूने जितका बोलतो, त्याहून जास्त आपल्या नेहमीच्या उपचारांच्या विरोधात बोलतो.

देशोदेशीच्या मार्गदर्शक सूचना काय म्हणतात?

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं, २०१६ मध्ये 'देऊ नका' म्हटलं आणि २०२१ मध्ये ज्याचं ठोस कारण सापडत नाही अशा जुन्या वेदनेसाठी एका कोर्सचा विचार करायला हरकत नाही, असं सांगितलं. पुरावा सीमारेषेवर असला की असंच होतं. अमेरिकेत मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना जानेवारी २०२० पासून फक्त जुन्या कंबरदुखीसाठी खर्च देते. नियम साधा आहे : ९० दिवसांत १२ सेशनपर्यंत. सुधारणा दिसली तरच आणखी ८. वर्षाला २० पेक्षा जास्त नाहीत. फरक नसेल तर थांबा.

आपल्याकडे ॲक्युपंक्चर घेणाऱ्या प्रत्येकाने ही एवढी ओळ उचलावी. अनेक ठिकाणी आगाऊ पैसे भरून मोठी पॅकेजेस घ्यायला लावतात. 'अजून थोडी सेशन घ्या, मग बघा' याला शेवट नसतो. सुरुवातीलाच किती सेशननंतर थांबायचं हे ठरवावं. रोज रात्री वेदनेला शून्य ते दहा गुण देऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत. किती पायऱ्या चढता आल्या, किती वेळ बसता आलं, हेही लिहावं. सहा-सात सेशननंतर आकडे हललेले नसतील, तर पुढचे पैसे वाचवावेत.

पुड्या आणि गोळ्यांचं काय?

इथे भाषा कडक करावी लागेल. बारीक, निर्जंतुक सुईने फार तर थोडं रक्त येतं किंवा निळं पडतं. अडाणी हाताने छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण हे दुर्मीळ. पोटात जाणाऱ्या औषधाचा हिशेब वेगळा आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींची औषधं घेतलेल्या शंभरहून जास्त महिलांची मूत्रपिंडं निकामी झाली. एका वनस्पतीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरी, ॲरिस्टोलोकिया गटातली वनस्पती आली होती. तिच्यातलं आम्ल मूत्रपिंडं खराब करतं आणि मूत्रमार्गाच्या कर्करोगालाही कारण ठरतं. काहींना तोही झाला. सांधेदुखीच्या चिनी काढ्यांत वापरली जाणारी 'चुआन-वू' ही मुळी म्हणजे आपल्या बचनागाची बहीण. नीट शुद्ध केली नाही तर हृदयाचे ठोके बिघडवते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा विषबाधा वारंवार नोंदवल्या आहेत. 'डानशेन' ही मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढवते. हृदयरुग्णासाठी ते जिवावर बेतू शकतं.

भेसळीचा प्रश्न तर आपल्याला नवा नाही. सांधेदुखीची 'जडीबुटी'ची पुडी खाऊन दोन दिवसांत आजोबा चालायला लागले, की त्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी. आराम खरा असतो, पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली की माणूस कोसळतो.

चिनी औषधांची बाजू घेताना तू योयो यांचं नाव घेतलं जातं. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं आणि त्याचा धागा जुन्या चिनी ग्रंथात सापडला होता, हे खरं. पण त्यांनी वनस्पतीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, मोजलं, प्राण्यांवर आणि माणसांवर तपासलं. ऑनलाइन मागवलेल्या, चिनी अक्षरांच्या डबीवर यातलं काहीही झालेलं नसतं. भारतात आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. चिनी वनौषधी त्यात नाहीत. त्यामुळे अशी डबी देणाऱ्याला 'तुम्हाला हे देण्याचा अधिकार कुठून मिळाला?' असं विचारण्यात काहीच गैर नाही.

महाराष्ट्रात कायदा काय आहे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला 'उपचाराची एक पद्धत' म्हणून परवानगी दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधीच २०१५ चा ॲक्युपंक्चर उपचारपद्धती कायदा केला होता. असा वेगळा कायदा करणारं हे पहिलं राज्य मानलं जातं. त्यातून राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आणि व्यावसायिकांच्या नोंदणीची व्यवस्था आली. कायद्याची मान्यता म्हणजे उपचार गुणकारी असल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट जाहिरातींत हटकून विसरली जाते. नोंदणीचा उपयोग वेगळा : समोरचा माणूस कोण आहे, हे कळतं आणि चूक झाली तर दाद मागायला जागा असते. शनिवार-रविवारचा कोर्स करून भिंतीवर फ्रेम लावणाऱ्याच्या बाबतीत ती नसते. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रात आधी नोंदणी क्रमांक शोधावा. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जातंय का, हे पाहावं. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या तर कावीळ बी आणि सी पसरू शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, गर्भारपण असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर ते आधीच सांगावं. सुयांना वीजप्रवाह जोडायचा असेल तेव्हा पेसमेकरची माहिती फारच महत्त्वाची. मधुमेह, रक्तदाब किंवा संधिवाताची सुरू असलेली औषधं सुयांच्या भरवशावर बंद करू नयेत. आणि कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, ताप येतोय किंवा कारण नसताना वजन उतरतंय, तर सुयांची अपॉइंटमेंट रद्द करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.